धुराडे उभारण्यापूर्वी

कोळशावर चालणारे औष्णिक विद्युत् केंद्र एकदा उभे राहिले म्हणजे तीस-चाळीस वर्षे चालते. तेवढ्या अवधीत त्याच्या परिसरात एक संपूर्ण पिढी जन्मते, वाढते आणि संसाराला लागते. केंद्र सुरू झाल्यावर जागेची निवड चुकली असे ध्यानात आले, तरी धुराडे उचलून दुसरीकडे नेता येत नाही; राखेने भरलेल्या तळ्याचे पुन्हा भातखाचर होत नाही. म्हणून जो काही विचार करावयाचा, तो पायाचा पहिला दगड बसविण्यापूर्वीच केला पाहिजे. या पूर्वविचाराला शास्त्रीय आणि कायदेशीर रूप देणारी जी पद्धती आहे, तिला पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन असे म्हणतात.

या पद्धतीचा उगम अमेरिकेत झाला. १ जानेवारी १९७० रोजी तेथे राष्ट्रीय पर्यावरण धोरणाचा कायदा अमलात आला आणि मोठ्या शासकीय निर्णयांपूर्वी त्यांच्या परिणामांचे निवेदन तयार करणे बंधनकारक झाले. भारतात १९७६-७७ मध्ये नियोजन आयोगाच्या सूचनेवरून नदीखोऱ्यांतील प्रकल्पांची पर्यावरणाच्या दृष्टीने तपासणी होऊ लागली. त्यानंतर अन्य प्रकल्पही या तपासणीच्या कक्षेत आले. तथापि, तिला खऱ्या अर्थाने कायद्याचे बळ लाभले ते २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने. पुढे १४ सप्टेंबर २००६ रोजी तिची जागा नव्या अधिसूचनेने घेतली. या अधिसूचनेने तपासणीच्या चार पायऱ्या ठरवून दिल्या: प्रकल्पाला तपासणीची गरज आहे की नाही हे ठरविणे, तपासणीची व्याप्ती निश्चित करणे, लोकांचे म्हणणे ऐकणे आणि शेवटी तज्ज्ञ समितीने सर्व कागदपत्रांची छाननी करणे. ५०० मेगॅवॅट व त्याहून अधिक क्षमतेच्या कोळसा-केंद्रांचा निर्णय केंद्र शासनाकडे ठेवण्यात आला.

पायऱ्या चारच असल्या, तरी त्यांच्या मुळाशी तीन साधे प्रश्न आहेत. नव्या केंद्रामुळे परिसरात कशाची भर पडेल? आज त्या परिसरात काय आहे? आणि केंद्र सुरू झाल्यावर दिलेल्या वचनांवर लक्ष कोण ठेवील? यांपैकी पहिला प्रश्न सर्वांत अवघड वाटतो. वस्तुतः तोच सर्वांत सोपा आहे.

भर किती पडेल?

१,००० मेगॅवॅट क्षमतेचे एक केंद्र कल्पावे. ते सरासरी ८५ टक्के क्षमतेने चालते असे धरले, तर दिवसाकाठी २०,४०० मेगॅवॅट-तास, म्हणजे सुमारे दोन कोटी युनिट वीज निर्माण होईल. भारतीय कोळशावर चालणाऱ्या केंद्रात एक युनिट विजेसाठी साधारणपणे ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. ६५० ग्रॅम हा आकडा घेतला, तर रोज सुमारे १३,२०० टन कोळसा लागेल.

भारतीय कोळशात राखेचे प्रमाण पुष्कळ, म्हणजे ३० ते ४५ टक्के असते. ३५ टक्के धरल्यास रोज ४,६०० टनांहून अधिक राख तयार होईल. तिचा सुमारे पाचवा हिस्सा भट्टीच्या तळाशी पडतो आणि उरलेली सुमारे ३,७०० टन बारीक राख तप्त वायूंबरोबर धुराड्याकडे निघते. ती अडविण्यासाठी वायूंच्या मार्गात विद्युत्भारित पत्रे बसविलेले असतात. हे यंत्र ९९.९ टक्के राख पकडते असे अहवालात नमूद केलेले असेल, तर रोज सुमारे पावणेचार टन राख हवेत जाईल. परंतु देखभालीत ढिलाई होऊन हेच प्रमाण ९९ टक्क्यांवर आले, तर हवेत जाणारी राख ३७ टन होईल. कागदावर हा फरक एका टक्क्याहूनही कमी दिसतो. खेड्यातल्या अंगणात तो दहापट असतो.

गंधकाची गोष्टही अशीच आहे. भारतीय कोळशात गंधक अल्प, साधारणतः अर्धा टक्का असते, हे त्याच्या बाजूने नेहमी सांगितले जाते आणि ते खरेही आहे. परंतु कोळशाची राशीच एवढी मोठी असते, की त्या अर्ध्या टक्क्यातून रोज सुमारे १३० टन सल्फर डायऑक्साइड निर्माण होतो. यांखेरीज नायट्रोजनची ऑक्साइडे, अत्यल्प प्रमाणातील पारा आणि दिवसाला सुमारे २० हजार टन कार्बन डायऑक्साइड हे घटक वेगळेच.

पाण्याचा हिशेबही मांडला पाहिजे. वाफ थंड करण्यासाठी मनोरे वापरणाऱ्या केंद्राला एक मेगॅवॅट-तास विजेमागे तीन घनमीटर पाणी लागते असे धरले, तर आपल्या कल्पित केंद्राला रोज सहा कोटी लिटरांहून अधिक पाणी लागेल. नागरी पाणीपुरवठ्यासाठी दर माणशी दर दिवशी १३५ लिटर हे मान धरतात. त्या हिशेबाने हे पाणी साडेचार लाख वस्तीच्या शहराला पुरेल. ज्या नदीतून हे पाणी घ्यावयाचे, तिच्यात मे महिन्यात किती पाणी असते हा प्रश्न म्हणूनच वार्षिक सरासरीपेक्षा महत्त्वाचा ठरतो.

धूर कोठे जातो?

हवेत सोडलेले वायू जमिनीवर कोठे आणि किती प्रमाणात उतरतील, याचे गणित वाऱ्याची दिशा व वेग, हवेचे तापमान आणि धुराड्याची उंची यांवरून मांडतात. ५०० मेगॅवॅट व त्याहून मोठ्या संचांसाठी भारतात २७५ मीटर उंचीचे धुराडे विहित केलेले आहे. उंच धुराड्यामुळे जवळच्या वस्तीवरील भार हलका होतो, हे निःसंशय. परंतु धुराडे वायू नाहीसे करीत नाही. ते त्यांना दूरवर वाटून देते, एवढेच.

हिवाळ्यातील रात्री जमीन लवकर निवते आणि तिच्यालगतच्या थंड हवेवर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. या झाकणाखाली सोडलेला धूर वर जात नाही. धुराडे उंच असेल तर धूर रात्रभर झाकणाच्या वर तरंगत राहतो. पण सकाळी ऊन तापू लागताच थर विसकटतो आणि तो धूर थोड्या वेळात खाली उतरतो. वर्षाच्या सरासरीत ही सकाळ दिसत नाही. ती पाहावयाची असेल, तर तासातासाच्या नोंदी लागतात.

अभ्यासक्षेत्राची मर्यादा हाही विचार करण्याजोगा विषय आहे. अहवालांत सामान्यतः प्रकल्पस्थळाभोवती दहा किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले जाते आणि त्यातील गावे, विहिरी, पिके व वने यांची नोंद केली जाते. ही मर्यादा मोजणाऱ्याच्या सोयीसाठी आहे; वारा ती पाळीत नाही. सल्फर डायऑक्साइडचे हवेत सल्फेटच्या अतिसूक्ष्म कणांत रूपांतर होते आणि हे कण शेकडो किलोमीटर प्रवास करतात.

बेरीज कोणी करावयाची?

प्रत्येक केंद्राचा अहवाल स्वतंत्रपणे तयार होतो. तो निर्दोष असला, तरी शेजारच्या केंद्राचा भार त्यात धरला आहे की नाही, हे पाहावे लागते. मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश यांच्या सीमेवरील सिंगरौली परिसर या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथे रिहांद धरणाचे विस्तीर्ण जलाशय आहे आणि त्याच्या आसपास कोळशाच्या खाणी आहेत. पाणी आणि कोळसा जवळजवळ असल्याने एकामागून एक विद्युत् केंद्रे तेथे उभी राहिली. धरणामुळे ज्यांची गावे बुडाली, त्यांतील अनेक कुटुंबांना पुढे खाणी आणि केंद्रे यांसाठी पुन्हा उठावे लागले. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सिंगरौलीची गणना देशातील अत्यंत प्रदूषित औद्योगिक परिसरांत केली.

राखेच्या साठवणीचा धोका काय असतो, हेही तेथे दिसून आले. पाण्यात कालवलेली राख बांध घालून अडविलेल्या तळ्यांत साठवितात. ऑगस्ट २०१९ ते एप्रिल २०२० या नऊ महिन्यांत सिंगरौली परिसरातील तीन वेगवेगळ्या केंद्रांच्या तळ्यांचे बांध फुटले. १० एप्रिल २०२० रोजी सासन येथे झालेल्या दुर्घटनेत राखेच्या लोंढ्याने माणसे वाहून गेली. केंद्रे तीन, व्यवस्थापने तीन, अहवालही वेगवेगळे. परंतु पाणी ज्या जलाशयाकडे वाहते, तो एकच आहे. म्हणून जेथे आधीच केंद्रे आहेत अशा ठिकाणी ‘या केंद्राने किती भर पडेल?’ एवढेच विचारून भागत नाही; ‘ही भर पडल्यावर एकूण किती होईल?’ असे विचारावे लागते.

आज तेथे काय आहे?

आतापर्यंतचे हिशेब कोळशाच्या व यंत्रांच्या माहितीवरून करता येतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या जागेवर गेल्याशिवाय मिळत नाही. आणि संपूर्ण मूल्यमापन त्यावरच उभे असते. कारण जे आज अस्तित्वात आहे अशी नोंदच झाली नाही, त्याची उद्या हानी झाली असे सिद्ध करता येत नाही. ज्या तळ्याची नोंद नाही ते आटत नाही; ज्या मासेमारीची नोंद नाही ती बंद पडत नाही.

आंध्र प्रदेशाच्या उत्तर टोकाला श्रीकाकुलम जिल्ह्यात सोमपेट नावाचे गाव आहे. त्याच्या आसपास समुद्रकिनाऱ्यालगत पाणथळ जमिनीचा विस्तीर्ण पट्टा पसरलेला आहे. स्थानिक लोक त्याला ‘बीला’ म्हणतात. पावसाचे पाणी त्यात साठते, शेतीला ओलावा पुरविते, मासे देते, गुराढोरांना चारा देते आणि स्थलांतरित पक्ष्यांना आश्रय देते. तथापि, महसुली दप्तराला या सर्वांसाठी स्वतंत्र रकाना नसतो. ज्या जमिनीवर कोणाच्या नावाचा सातबारा नाही आणि जी नांगराखाली नाही, ती दप्तराच्या भाषेत बहुधा ‘पडीक’ ठरते. येथे २,६४० मेगॅवॅट क्षमतेचे कोळसा-केंद्र उभारण्याचे योजिले गेले, तेव्हा बीलाची जमीन अशीच पडीक म्हणून देण्यात आली होती.

पाणथळ जमिनीच्या बाबतीत अशी चूक होणे किती सोपे आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. परिसराची मोजमापे पुष्कळदा पावसाळा वगळून एकाच ऋतूत केली जातात. एप्रिल-मे मध्ये आलेल्या निरीक्षकाला भेगाळलेली जमीन आणि थोडे लव्हाळे दिसतील. त्याने पाहिले तेच प्रामाणिकपणे लिहिले, तरी अहवाल खोटा ठरेल. जमिनीला एक ऋतू नसतो, सहा असतात. भरावाने उंच केलेल्या भूखंडावर केंद्र उभे राहिले, तर पाणथळीचा तो तुकडा जातो एवढेच नव्हे. पाण्याची वाट अडते आणि वरच्या अंगाची शेते बुडतात, खालच्या अंगाची सुकतात. हे कळण्यासाठी पावसाळ्यातला पाण्याचा प्रवाह कोणीतरी पाहिलेला असावा लागतो.

असा पाहणारा तेथे होताच: तो त्या गावांत राहत होता. शेतकरी आणि कोळी यांनी प्रकल्पाला विरोध केला. केंद्र शासनाने २००९ मध्ये दिलेल्या पर्यावरणीय मंजुरीला राष्ट्रीय पर्यावरण अपील प्राधिकरणापुढे आव्हान देण्यात आले. १४ जुलै २०१० रोजी बंदोबस्तात काम सुरू करण्याचा प्रयत्न झाला असता संघर्ष पेटला आणि पोलिसांच्या गोळीबारात ग्रामस्थांना प्राण गमवावे लागले. त्याच दिवशी दिल्लीत प्राधिकरणाने मंजुरी रद्द ठरविली. जागा पाणथळ आहे, हा मुद्दा त्या निर्णयाच्या मुळाशी होता. बीला पाणथळ आहे, हे गावातल्या लहान मुलालाही ठाऊक होते. ते मंजुरीपूर्वी कागदावर उतरले असते, तर गोळी झाडण्याची वेळ आली नसती. ते केंद्र तेथे उभे राहिले नाही.

जनसुनावणीचे प्रयोजन

सोमपेटसारख्या प्रसंगावरून जनसुनावणीचे खरे प्रयोजन स्पष्ट होते. जनसुनावणी म्हणजे प्रकल्पाच्या बाजूने किंवा विरुद्ध मते मोजण्याची सभा नव्हे. अहवालात जे नोंदविले गेले नाही, ते नोंदविण्याची ती शेवटची संधी आहे. नियमानुसार जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी सुनावणीचे अध्यक्षपद भूषवितो आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ तिची व्यवस्था पाहते. किमान तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो आणि मांडलेल्या प्रत्येक हरकतीला प्रकल्पचालकाने अंतिम अहवालात उत्तर द्यावे लागते.

येथे एका अंगभूत उणिवेचाही निर्देश केला पाहिजे. अहवाल तयार करणारी सल्लागार संस्था प्रकल्पचालक निवडतो आणि तिचे शुल्कही तोच देतो. संस्थांना मान्यता देण्याची व्यवस्था पुढे करण्यात आली. तथापि, ज्याची परीक्षा घ्यावयाची त्याच्याच पैशाने परीक्षक नेमण्याची रीत त्यामुळे बदललेली नाही. अशा स्थितीत सुनावणीत उभा राहून ‘ही विहीर नकाशात नाही’ असे सांगणारा शेतकरी त्या अहवालाचा विनामूल्य तपासनीस असतो. त्याचे म्हणणे जेवढे नेमके, म्हणजे विहीर कोणती, पाणी किती महिने टिकते, मासे कोणत्या हंगामात मिळतात अशा स्वरूपाचे असेल, तेवढे ते दुर्लक्षिणे अवघड होते.

वचनांचे पुढे काय होते?

मंजुरी बहुधा अटींसह दिली जाते आणि तिसरा प्रश्न तेथून सुरू होतो. महाराष्ट्राच्या उत्तर किनाऱ्यावरील डहाणू येथील ५०० मेगॅवॅटच्या केंद्राचा इतिहास या बाबतीत उद्बोधक आहे. चिकूच्या बागांनी आणि वारली वस्तीने व्यापलेल्या या तालुक्यात केंद्र उभारण्यास हरकत घेण्यात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९१ मध्ये न्यायालयाने केंद्राला मुभा दिली. मात्र धुरातील सल्फर डायऑक्साइड काढून टाकणारे संयंत्र बसविण्याची अट सर्व परिणामांचा पूर्ण विचार केल्याखेरीज शिथिल करू नये, असे बजावले. त्याच वर्षी केंद्र शासनाने संपूर्ण डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम म्हणून जाहीर केला.

केंद्रातून १९९५ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. संयंत्र मात्र नव्हते. न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. स्थानिक नागरिक पाठपुरावा करीत राहिले, प्राधिकरणाने आदेश दिले, आणि अखेर समुद्राच्या पाण्याने वायू धुणारे संयंत्र २००७ मध्ये कार्यान्वित झाले. अट घातली गेली तेव्हा जन्मलेली मुले एव्हाना शाळेचा उंबरठा ओलांडून गेली होती. अट लिहिण्यास एक ओळ पुरते. ती पाळली जावी यासाठी कार्यालय, पाठपुरावा आणि वर्षे लागतात. जेथे असे प्राधिकरण नाही आणि पाठपुरावा करणारे कोणी नाही, तेथे त्या ओळीचे काय होत असेल याची कल्पना करता येते.

देशव्यापी अनुभवही याहून फारसा निराळा नाही. डिसेंबर २०१५ मध्ये सल्फर डायऑक्साइडसह अनेक प्रदूषकांसाठी औष्णिक केंद्रांना कडक मानके लागू करण्यात आली. त्यांची मुदत वारंवार वाढविली गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना सल्फर डायऑक्साइड काढण्याच्या संयंत्रापासून सूट देण्यात आली. याचा अर्थ असा, की मंजुरीच्या वेळी परिणामांचे गणित ज्या नियमांवर मांडले जाते, ते नियम केंद्राच्या आयुष्यात बदलू शकतात. म्हणून संयंत्र चालू असताना काय होईल याबरोबरच, ते नसताना किंवा बंद पडले असता काय होईल, हेही अहवालाने सांगितले पाहिजे.

निर्णयाचा पाया

विजेची गरज नाकारण्यात अर्थ नाही. रुग्णालयातील दिवा, शेतातला पंप आणि कारखान्यातला संच वीज मागतातच. मूल्यमापनाचा उद्देश प्रत्येक केंद्राला नकार देणे हा नसतो, तसाच प्रत्येक केंद्राला परवाना मिळवून देणे हाही नसतो. जागा बदलावी का, क्षमता कमी करावी का, पाणी वाचविणारी शीतकरणाची दुसरी पद्धत वापरावी का, तीच वीज अन्य मार्गाने मिळते का, आणि यांपैकी काहीही जमत नसेल तर केंद्र उभारू नये का, या सर्व पर्यायांची किंमत निर्णय घेणाऱ्यासमोर मांडणे हा त्याचा उद्देश असतो.

ही किंमत मांडताना रुपयांच्या रकान्यात येणारे खर्च सहज दिसतात. पाणथळीतले मासे, सामाईक कुरणातला चारा, विहिरीतले गोडे पाणी आणि मुलांची फुप्फुसे यांच्या किमती त्या रकान्यात आपोआप येत नाहीत. त्या शोधून लिहाव्या लागतात. सोमपेटच्या लोकांना आपली बीला कागदावर यावी यासाठी फार मोठे मोल द्यावे लागले. पुढच्या प्रकल्पाच्या वेळी ते कोणाला द्यावे लागू नये, अशी इच्छा असेल, तर अहवाल हाती पडताच धुराड्याच्या उंचीचे पान उलगडण्यापूर्वी परिसराच्या वर्णनाचे पान उलगडावे आणि आपल्या गावात जे जे आहे, ते सर्व त्यात आहे का, हे आधी पाहावे.